गावातल्या ज्येष्ठ पुरुषांचा व्यायामगट आणि दाखल्याची अट : माझा अनुभव

साठी-सत्तरीतल्या पुरुषांना गावात एकत्र आणून आठवड्यातून तीनदा व्यायाम करायला लावणं हे काम मी करतो. लोकांना वाटतं, यात अवघड असेल ते त्यांना घराबाहेर काढणं. ते जमतं, कसं, ते पुढे येईलच. आम्ही अडकलो ते एका छापील ओळीपाशी. सभागृह वापरायला हवं तर प्रत्येकाचा डॉक्टरांच्या सहीचा दाखला जोडा, असं कार्यालयाने सांगितलं आणि दाखल्याचा नमुना हातात दिला. त्यावर वाक्य होतं : "सदर व्यक्ती सर्व प्रकारच्या व्यायामासाठी पूर्णपणे सक्षम आहे." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

सत्तरीच्या माणसाबद्दल हे वाक्य कोणताही जबाबदार डॉक्टर लिहून देणार नाही. 'सर्व प्रकारच्या'मध्ये धावणं आलं, जड वजन उचलणं आलं, उड्या आल्या. उद्या काही झालं तर सही त्यांची. मग डॉक्टर एक तर सही नाकारतात, नाही तर ईसीजी, रक्ततपासणी, स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करून या म्हणतात. काहीच लक्षणं नसलेल्या माणसाला खुर्चीतून उठबस करायला आणि सपाट रस्त्यावर चालायला स्ट्रेस टेस्टची गरज नसते. पण एकदा तपासणी म्हटलं की शहरात जायचं, कुणाला तरी सोबत न्यायचं, जनावरांचं कोण बघणार ते ठरवायचं. त्यातच अर्धी माणसं गळतात.

गळतात ती नेमकी कोण, हे बघा. जो रोज शेतावर चालत जातो, ज्याला कसलंही औषध नाही, तो दाखला आणून देतो. गुडघे दुखतात म्हणून ज्याने चालणं सोडलंय, शेत मुलाच्या ताब्यात दिल्यापासून जो ओसरीवरून उठत नाही, ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तो मागे राहतो. त्यात हा वर्ग डॉक्टरांना टाळणारा. व्यायामासाठी दाखला मागितला की त्याला वाटतं, आपल्यात काहीतरी बिघडलंय असा यांना संशय आहे. म्हणजे ज्याच्यासाठी गट काढला त्यालाच ही अट बाहेर ठेवते, आणि घरी बसून त्याचे पाय आणखी कमजोर होतात. सुरक्षिततेच्या नावाखाली हे होणं मला मान्य नाही.

वाट निघाली ती नियम वाचून. अशा वेळी कार्यालयात वाद घालू नका, मूळ नियम दाखवा म्हणा. आमच्या प्रकरणात नियमात 'सहभागींच्या आरोग्याबाबत खातरजमा' एवढेच शब्द होते. तो नमुना क्रीडास्पर्धांतल्या खेळाडूंसाठीचा होता आणि सगळ्यांनाच तोच दिला जात होता. खातरजमा दाखल्याशिवायही करता येते. पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली त्यासाठीच आहे. पहिल्या पानावर सात प्रश्न : हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, इतर जुनाट आजार, त्यासाठीची औषधं, हाडं-सांध्यांची तक्रार, आणि देखरेखीशिवाय व्यायाम करू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय का. सातही उत्तरं 'नाही' असतील तर माणूस हलक्या-मध्यम व्यायामाला लागू शकतो. एखादं 'हो' आलं तर पुढच्या पानांवर त्या त्या आजाराचे प्रश्न आहेत, आणि तिथेही शंका राहिली तरच डॉक्टर. नुसतं वय जास्त म्हणून सगळ्यांना डॉक्टरांकडे पिटाळायची पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या व्यायामवैद्यकातल्या संस्थेनेही 2015 साली मागे टाकली. आता ते बघतात ते इतकंच : माणूस सध्या किती हालचाल करतो, हृदयाचा, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, लक्षणं आहेत का, आणि व्यायाम किती जोराचा करायचाय.

प्रश्नावली घरी पाठवू नका. घरी ती न वाचता सगळीकडे 'नाही' करून येते. समोर बसून, मोठ्याने वाचून भरून घ्या, आणि औषधांची पिशवी सोबत आणायला सांगा. "मला काही आजार नाही" म्हणणाऱ्याच्या पिशवीतून रक्तदाबाची गोळी निघते. गोळीने दाब ताब्यात आहे म्हणजे आजारच नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

ज्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं त्यांच्यासोबत चिठ्ठी द्या, आणि 'सक्षम आहे का' हा प्रश्नच त्यात ठेवू नका. आमची चिठ्ठी अशी होती : आठवड्यातून तीन दिवस, पाच मिनिटं अंग मोकळं करणं, 43 सेंटीमीटर उंचीच्या खुर्चीतून उठबस, आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या, खुर्चीला धरून टाचा उचलणं आणि पाय बाजूला नेणं, तोल सांभाळण्याचे प्रकार, पंधरा-वीस मिनिटं चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. खाली एकच प्रश्न : "यातलं काय टाळावं किंवा कमी करावं?" आणि औषधांची यादी. याचं उत्तर डॉक्टर लगेच देतात, कारण ते त्यांच्या ज्ञानाचं काम आहे. भविष्याची हमी मागितलेली नाही. मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर तेही चिठ्ठीत हवं.

कार्यालयाला आम्ही दिलं ते भरलेल्या प्रश्नावल्या, डॉक्टरांची उत्तरं, कार्यक्रमाचं एक पान, आणि काही झालं तर कोण काय करेल याचं एक पान : फोन कोणाचा, गाडी कोणाची, छाती दाबून पुनरुज्जीवन कोणाला येतं. पोच घेतली आणि 'अपुरं वाटल्यास नियमाचा उल्लेख करून लेखी कळवावे' असं अर्जातच लिहिलं. तोंडी नकार देणं सोपं असतं, लेखी द्यायला नियम शोधावा लागतो. परवानगी मिळाली तेव्हा जो सुटकेचा निःश्वास टाकला, तो कुठल्याही व्यायामानंतर टाकलेला नाही. तोवर थांबायचं मात्र कारण नव्हतं, कारण चालण्याला सभागृह लागत नाही.

आता माणसं जमवण्याबद्दल. 'व्यायाम' म्हणून बोलावलंत तर उत्तर ठरलेलं असतं : जन्मभर कष्ट केले, आता व्यायाम कशाला? त्यांचा तो अभिमान खरा आहे, तो खोडू नका. त्यांना एवढंच दाखवा की शेतकामाने पाठ आणि हात झिजतात, पण तोल आणि मांड्यांची ताकद टिकेलच असं नाही, आणि काम थांबलं की ती झपाट्याने उतरते. दाखवायला खुर्ची पुरते. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर दुमडलेले, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. 65 ते 74 वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा कमी, 75 ते 79 मध्ये 11 पेक्षा कमी, 80 ते 84 मध्ये 10 पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त मानतात. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य. आकडा समोर आला की माणूस स्वतःच विचारतो, वाढवायचा कसा. मात्र आकडे सगळ्यांसमोर वाचू नका. कमी आलेला परत येत नाही.

पुरुष समोरासमोर बसून तब्येतीचं बोलत नाहीत, शेजारी काम करता करता बोलतात. ऑस्ट्रेलियात सुरू झालेले मेन्स शेड, म्हणजे पुरुषांनी एकत्र येऊन हातकाम करायच्या जागा, याच धाग्यावर उभे आहेत. म्हणून चालण्याला काम जोडा : पाणवठ्याची पाहणी, रस्त्याकडेच्या झाडांना पाणी. प्रत्येकाला एक जबाबदारी द्या, खुर्च्या मांडण्याची का होईना. निमंत्रण त्यांच्या वयाच्या, गावात मान असलेल्या माणसाकडून गेलं की येतात. तरुण प्रशिक्षकाकडून गेलं तर हो म्हणतात आणि येत नाहीत.

शौचालय जवळ हवं. हे कुणी बोलून दाखवणार नाही, पण प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस तेवढ्यासाठी येणं सोडतो. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवा, आणि अशा माणसाला जमिनीवरचे प्रकार देऊ नका. बीटा ब्लॉकर (रक्तदाबाच्या-हृदयाच्या गोळ्यांचा एक प्रकार) घेणाऱ्याची नाडी फारशी वाढत नाही, तिच्यावरून जोर ठरवू नका. बोलता येण्याची कसोटीच बरी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याची साखर 90 च्या खाली असेल तर आधी काही खायला द्या.

पहिल्या आठवड्यातली गळती थांबवायची तर आधीच सांगून ठेवा : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते चालेल. सांधा सुजला किंवा सांध्याचं दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं तर फेऱ्या निम्म्या करा. उठबस सोपी झाली की संख्या वाढवण्याआधी हातांचा आधार काढा, मग बसताना सावकाश बसायला लावा. ताकद तिथे येते. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. पण हा आकडा पहिल्या दिवशी सांगू नका. 2020 च्या सूचनांत एका वेळी किमान दहा मिनिटांची अट राहिलेली नाही, पाच मिनिटंही धरली जातात. हे मात्र जरूर सांगा.

प्रश्नावली जास्तीत जास्त 12 महिने चालते, आणि मधे आजार किंवा औषध बदललं तर त्याच दिवशी नवी भरायची. पहिली तारीखच सुगी आटोपल्यानंतरची धरा, म्हणजे पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी माणसं शेतात अडकलेली नसतील आणि कार्यालयाला फाइल अपुरी म्हणायला जागा राहणार नाही.