डोक्यावरची मेट्रो

नागपुरात लोकमान्य नगरहून बर्डीकडे, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेकडे, येणारी मेट्रो अंबाझरी तलावाच्या कडेला आली की डब्यातल्या गप्पा थांबतात, मोबाइल बाहेर निघतात. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना गार डब्यात बसून पाणी बघणं, ही नागपूरकराला परवडणारी थंड हवेची सहलच. २०१९ साली नागपूरची मेट्रो धावायला लागली आणि गाव वरून दिसू लागलं: गच्च्यांवरचे कूलर, टाक्या, वाळत घातलेल्या कुरड्या. मला ते फार आवडतं.

पण नागपूर म्हणजे मुंबई नव्हे. इथं बहुतेकांना जायचं असतं पाच-सात किलोमीटर. त्यासाठी स्टेशन गाठा, जिना चढा, बॅग तपासून घ्या, तिकीट काढा, पुन्हा जिना. तोवर तोंडाला ओढणी गुंडाळलेली स्कूटीवाली बर्डीत पार्किंग शोधत असते. आई म्हणते, "मेट्रो छान आहे न, पण तिच्यापर्यंत जायले ऑटो करा लागते."

मग वर का नेली? भुयारापेक्षा स्वस्त पडतं, हे आहेच. पण जमिनीवरून चालवायची तर रस्त्यातला हिस्सा मागावा लागतो, आणि तो कोण सोडतो? पुण्यानं २००६ साली स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी पट्टी राखली, तीच बीआरटी. तिच्यात दुचाक्या घुसल्या, रिक्षा घुसल्या, शिव्या मात्र बीआरटीनं खाल्ल्या. त्यापेक्षा खांब बरे, कुणाची मोटार अडत नाही. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. तीन किलोमीटरहून लांब असलेला हा दुमजली पूल गिनीज बुकात गेला. म्हणजे आली मेट्रो, आणि एक मजला वाढवून मिळाला मोटारींना!

विमानतळापुढे खापरीकडे जाताना हीच मेट्रो निमूट जमिनीवर उतरते. तिथं आडवं यायला गर्दीच नाही.

मेट्रो नको, असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात तर मुळीच नाही. पण शहर बसला एक मोकळी पट्टी, थांब्याला सावली आणि दहा मिनिटांत नक्की येणारी गाडी, एवढं आधी मिळायला हवं होतं. नाशिकला तर टायरवर धावणारी निओ मेट्रो खांबांवरून न्यायचा बेत झाला. रबरी टायर, वर विजेच्या तारा. बसच की ती! आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "आता बसमधी बसायलेबी जिना चढा लागन काय?"