शेवटची वीस पावलं

ताईला कमरेखाली संवेदना नाही, ती व्हीलचेअर वापरते. डोंगरातल्या उसळत्या नदीवर राफ्टिंग करायचं हे तिनंच ठरवलं. चौकशी केली तेव्हा "व्हीलचेअर चालेल" असं सांगण्यात आलं होतं. चाललीही, पण फक्त काठावरच्या मांडवापर्यंत. तिथून पाण्यापर्यंतची शेवटची वीस पावलं म्हणजे नुसते गोटे आणि ओली वाळू.

म्हणून "सोय आहे का?" एवढंच विचारून थांबू नका, मापं विचारा. उतार किती? रॅम्पसाठी 1:12, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. त्याहून तीव्र उतारावर स्वतः चाकं ढकलणं अवघड जातं. शौचालयात खुर्ची वळते का? आणि पाण्याच्या कडेचा फोटो मागाच.

गाइड मात्र समजूतदार होते. उचलण्याआधी ताईनं त्यांना थांबवून नीट सांगितलं: एकानं मागून काखेखालून धरायचं, दुसऱ्यानं गुडघ्यांखालून, हात धरून ओढायचं नाही. आधी संथ डोहात लाइफ जॅकेट घालून तिला तरंगून पाहायला लावलं. हे कुणीही टाळू नये. पायांवर ताबा नसला की शरीर पाण्यात कसं वळेल, तोंड वर राहील की नाही, हे तिथंच कळतं.

राफ्टमध्ये बाकीचे कडेच्या फुगीर नळीवर बसून पाय अडकवतात. ताईला ते शक्य नव्हतं, म्हणून ती तळाशी, आडव्या नळीला पाठ टेकून बसली. खाली जाड फोम ठेवला होता. तोल जाईल म्हणून पट्ट्यानं बांधा, असं आमच्यातल्याच एकानं सुचवलं. गाइडनं ठाम नकार दिला, आणि तेच बरोबर होतं: राफ्ट उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखाली अडकतो.

आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचाच टप्पा घेतला होता. पाणी किती खवळलेलं आणि अवघड, यावरून श्रेणी एक ते सहा असतात, सहावी सगळ्यात अवघड. पहिल्यांदा जाणाऱ्यांना एवढं पुरे. बर्फ वितळून वाहणाऱ्या नदीचं पाणी दिवस चढेल तसं वाढतं, त्यामुळे सकाळची फेरी बरी. पहिल्या रॅपिडला, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या वेगवान टप्प्याला, लाट अंगावर फुटली तेव्हा ताई ओरडली, आणि पुढच्या रॅपिडला तिनं वल्हं मागून घेतलं. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

चूक झाली ती उतरताना. खुर्ची गाडीनं खालच्या काठावर आधी पोचायला हवी होती, ती उशिरा आली. ओल्या कपड्यांत ताई वीस मिनिटं राफ्टमध्येच बसून राहिली. मणक्याच्या इजेखालचं शरीर थंडीनं कुडकुडत नाही, त्यामुळे गारठा वेळेवर कळत नाही. कोरडे कपडे गाइडच्या जलरोधक पिशवीतच द्या, आणि खुर्ची पोचल्याची खात्री झाल्यावरच राफ्ट सोडायला सांगा. बंद बूट घाला. रात्री टाचा, घोटे, बैठक आरशात तपासा. ताईच्या घोट्यावर खरचटलं होतं, तिला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी काठावरच्या लाकडी वाटेनं फिरलो. वाट उत्तम, रुंद, सपाट. पण धबधब्याजवळच्या कठड्याचा आडवा दांडा नेमका बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. पन्नासेक पावलं पुढं, वळणावर, कठडा संपतो आणि खडकांची बुटकी भिंत लागते. तिथं जाऊन थांबा. ताई तासभर तिथून हलली नाही.