तिरक्या बाजूचा खरा आकार

टेक्निकलला होते त्यांना आपला ड्रॉईंग हॉल आठवत असेलच, उंच स्टुलं, ड्रॉईंग पिनांनी चाळण झालेले बोर्ड, आणि टू-एच पेन्सिलचं टोक सॅंडपेपरवर घासून छिन्नीसारखं करायची ती सरांची शिस्त. मी १९८७ च्या दहावीच्या बॅचचा. आज फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे आणि शाळेच्या स्मरणिकेसाठी काय लिहू असा विचार करताना पहिल्यांदा डोक्यात आला तो ऑक्झिलरी व्ह्यू, म्हणजे तिरक्या बाजूच्या अगदी समोरून काढलेलं तिचं चित्र. तो आपल्या परीक्षेला नव्हता. ड्रॉईंगच्या सरांनी तो आम्हाला शिकवला कारण त्यांना वाटायचं की तीन व्ह्यू काढायला शिकलेल्या पोराला तीन व्ह्यूत काय दिसत नाही हेही कळलं पाहिजे.

त्यांनी सुतारकामाच्या शॉपमधून सागाचा ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी तुकडा आणला, वाईसमध्ये धरून ४५ अंशात तिरका कापला आणि आम्हाला फ्रंट, टॉप, साईड, म्हणजे समोरून, वरून, बाजूने दिसणारे, असे तिन्ही व्ह्यू काढायला लावले. फ्रंटमध्ये ती कापलेली बाजू नुसती एक तिरकी रेघ दिसते, टॉपमध्ये ४० बाय ४० चा चौरस आणि साईडनेही ४० बाय ४० चा चौरसच. मग सरांनी कापलेल्या बाजूवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने कड गिरवली आणि पट्टी लावली तर एक बाजू ४० आणि दुसरी साडेछप्पनच्या किंचित वर! म्हणजे तिन्ही व्ह्यू बरोबर, मापं बरोबर, आणि तरीही हातातल्या लाकडाची ती बाजू शीटवर कुठेच खरी दिसत नव्हती. सगळा वर्ग स्टुलांवरून उतरून सरांच्या टेबलाभोवती गोळा झाला होता.

मग पद्धत. फ्रंटमधल्या त्या तिरक्या रेघेला समांतर नवीन आधाररेघ, एक्स-वन वाय-वन, मारायची, रेघेच्या टोकांपासून तिच्यावर काटकोनात प्रोजेक्टर, म्हणजे बारीक रेघा, न्यायचे आणि टॉप व्ह्यूतल्या बिंदूंची फ्रंट आणि टॉपमधल्या मूळ एक्स-वाय रेघेपासूनची अंतरं डिव्हायडरमध्ये धरून एक्स-वन वाय-वनच्या पलीकडे टाकायची. बस, खरा आकार मिळाला. सर सांगायचे की आपण फक्त आपली जागा बदलली, तुकडा जिथल्या तिथे आहे, आपण त्या बाजूच्या अगदी समोर जाऊन उभे राहिलो. शीटवरचा तो आयत कात्रीने कापून सरांनी लाकडावर ठेवला तेव्हा कड ना कड जुळली, आणि मला ड्रॉईंग या विषयाचं वेड लागलं ते तिथे, हे मी आजही कुणालाही सांगतो.

पुढे डिप्लोमाला गेल्यावर कळलं की या सगळ्याचा पाया घालणारा गास्पार मोंज नावाचा फ्रेंच गणितज्ञ, १७४६ चा जन्म, मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्ल्यांच्या तटबंदीचे नकाशे करताना त्याने ही रीत बसवली आणि लष्कराने ती बरीच वर्षं गुपित ठेवली, १७९५ साली पॅरिसमध्ये त्याने ती उघडपणे शिकवली. जी गोष्ट एकेकाळी लष्कराच्या कुलुपात होती ती आम्हाला एका तालुक्याच्या शाळेत सागाच्या तुकड्यावर फुकट मिळाली.

आता माझ्या कामातलं सांगतो. आम्ही पशुखाद्याच्या, धान्याच्या कारखान्यांसाठी हॉपर बनवतो, माल खाली सोडायची पत्र्याची नरसाळी, वर रुंद चौकोनी तोंड, खाली लहान, चारही बाजू उतरत्या. गिऱ्हाईक म्हणतं बाजू आडव्याशी ४५ अंशात ठेवा, आणि मग तक्रार येते की कोंडा कोपऱ्यात चिकटून बसतो. कारण बाजू ४५ असल्या तरी दोन पत्रे जिथे भेटतात तो कोपरा फक्त ३५ अंशांच्या थोडा वर उतरतो, आणि हे फ्रंटमध्येही दिसत नाही, टॉपमध्येही नाही. टॉप व्ह्यूतल्या कोपऱ्याच्या रेघेला समांतर एक्स-वन वाय-वन मारून उंच्या वर टाकल्या की कोपऱ्याची खरी लांबी आणि खरा उतार समोर येतो. बाजू ६० केल्या की कोपरा जवळपास ५१ वर जातो, म्हणून मी पहिल्या मीटिंगलाच गिऱ्हाइकाला हे काढून दाखवतो.

तिथून अजून एक पायरी, खऱ्या लांबीच्या रेघेला काटकोनात एक्स-टू वाय-टू घेतली की कोपरा एका बिंदूत जातो, दोन्ही पत्रे दोन रेघा होतात आणि त्यांच्यामधला कोन सरळ मोजता येतो. ४५ च्या हॉपरला तो बरोबर १२० येतो, ६० च्या हॉपरला एकशे साडेचार. बाजारातला अँगल, म्हणजे एल आकाराची लोखंडी पट्टी, ९० चा असतो, तो तिथे बसतच नाही, पट्टी प्रेसवर वाकवूनच लावावी लागते. हा कोन आधी काढला नाही तर वेल्डर जागेवर हातोडीने ठोकत बसतो, पत्रा ताणला जातो आणि पुढचं सगळं बिघडतं.

आता सॉलिडवर्क्स या ड्रॉईंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कडेवर क्लिक केलं की ऑक्झिलरी व्ह्यू तयार होतो आणि ते चांगलंच आहे, आम्हीही तेच वापरतो. पण कुठली कड धरायची हे माणसालाच कळावं लागतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या नवीन मुलांपैकी ज्यांनी कधी बोर्डवर डिव्हायडर चालवलाय ते बरोबर कडेवर जातात, बाकीचे मॉडेल गोल गोल फिरवत बसतात. म्हणून ड्रॉईंग हॉलचे बोर्ड काढून तिथे फक्त कॉम्प्युटर ठेवायचं चाललंय असं ऐकलं तेव्हा फार वाईट वाटलं. निम्मे तरी बोर्ड राहू द्या ही माझी संस्थेला मनापासून विनंती आहे, दुरुस्तीचा खर्च आमची बॅच करेल.

शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात मी आमच्या शॉपमधून हॉपरचं पत्र्याचं लहान मॉडेल ठेवतोय, बाजूला कोरी शीट आणि बोर्ड. नववी-दहावीच्या पोरांनी यायचं, कोपऱ्याचा कोन आधी शीटवर काढायचा आणि मग मॉडेलला बेव्हल प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन मोजायचं साधन, लावून बघायचा. मी दोन्ही दिवस तिथेच आहे, डिव्हायडर आणि पेन्सिली घेऊन येतो.