पंखा शांत आहे का, हे जानेवारीत रात्री एक वाजता कळतं

उन्हाळ्यात छताचा पंखा पाचवर असतो, त्यामुळे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून काय आवाज येतोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुण्यात कॉम्प्युटरच्या पंख्याची खरी परीक्षा थंडीत होते. छताचा पंखा बंद, खिडक्या लावलेल्या आणि रात्री एकनंतर रस्ताही निवलेला. मग टेबलाखालची बारीक घरघर थेट कानात शिरते. आवाजाची चाचणी याच वेळी घ्यावी. जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू असतो, तेव्हा असल्या चाचणीचा विचारही करू नये.

आधी खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. नॉक्टुआ कंपनीच्या एनएफ-ए१२×२५ या पंख्यावर मिनिटाला कमाल २००० फेऱ्यांना २२.६ डेसिबल असं लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही, पण तो खास नि:शब्द खोलीत, पंख्यासमोर काहीही आडवं नसताना मोजलेला आहे. आपल्या बंद खोलीत रात्रीसुद्धा तीस डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. शिवाय आर्क्टिकसारखी कंपनी आवाज 'सोन' या वेगळ्याच एककात देते, त्यामुळे दोन खोकी शेजारी ठेवून तुलना होत नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दुकानदारानं पंखा हातात धरून फिरवून दाखवला, तरी त्या गोंगाटात फक्त तो फिरतो एवढंच समजतं.

आकड्यांपेक्षा पंख्याचं गणित जास्त उपयोगी पडतं. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, दाब पाव होतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. एकसारखे दोन पंखे लावले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणजे जोरात फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबल कमी. १४० मिमीचा पंखा मावत असेल तर १२० चा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फक्त भोकं आधी मोजा: १२० च्या पंख्यात दोन स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी असतं, १४० च्या पंख्यात १२४.५. या हिशोबातली मेख दाबात आहे. धुळीच्या बारीक जाळीमागे किंवा पाण्यानं थंड होणाऱ्या कूलरच्या रेडिएटरवर पाव दाब पुरत नाही. तिथे जास्त स्टॅटिक प्रेशरचा, म्हणजे अडथळ्यातूनही हवा रेटणारा, रुंद पात्यांचा पंखाच लागतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. आधी आवाज नेमका कुणाचा, ते शोधा. पंखा हळू फिरत असताना मधल्या स्टिकरवर बोट हलकेच दाबून तो दोन-तीन सेकंद थांबवा. पात्यांना बोट लावू नका. आवाज तरीही तसाच राहिला, तर तो एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा), ग्राफिक्स कार्डाचा किंवा हार्ड डिस्कचा आहे आणि नवा पंखा आणून पैसे वाया जातील.

पंखाच दोषी निघाला, तर जुना आणि नवा समान आवाजावर आणून तापमान बघायचं. समान फेऱ्यांवर तुलना करण्यात अर्थ नाही, कारण १२०० फेऱ्यांना एक पंखा गप्प असतो आणि दुसरा गुरगुरतो. मोबाईलवर आवाज मोजणारं कुठलंही ॲप चालेल. त्याचा आकडा खरा नसतो, पण फरक बऱ्यापैकी खरा दाखवतो. मोबाईल कॅबिनेटपासून अर्ध्या मीटरवर, वाऱ्याच्या झोताबाहेर आणि वेगळ्या स्टुलावर ठेवा. कॅबिनेटच्याच टेबलावर ठेवला तर कंपनं माईकमध्ये जातात. दोन्ही पंख्यांचा आकडा एका डेसिबलच्या आत जुळेपर्यंत फेरे कमी-जास्त करा. तो आकडा रिकाम्या खोलीच्या आकड्यापेक्षा निदान पाच-सहा डेसिबलनं वर हवा, नाहीतर तुम्ही खोलीच मोजत बसाल. मग अर्धा तास लोड द्या, म्हणजे प्रोसेसरला जड काम लावा. दहा मिनिटांत प्रोसेसर स्थिरावतो, पण कॅबिनेटमधली हवा तापायला वेळ लागतो.

इथे बहुतेकांची एक चूक होते. हल्लीचे प्रोसेसर थंडावा मिळाला की स्वतःच जास्त वॉट खातात. त्यामुळे चांगला पंखा लावूनही तापमान तेच दिसतं आणि माणूस पंख्याला नावं ठेवतो. चाचणीपुरती बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरच्या वॉटची मर्यादा, बांधून टाका, समजा ६५ वॉट, आणि दोन्ही पंख्यांना तीच ठेवा.

प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून फरक लिहून ठेवा. थर्मामीटर हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ ठेवा, भिंतीवर नको. जानेवारीत खोली २२ अंश आणि प्रोसेसर ६८, म्हणजे फरक ४६. मे महिन्यात दुपारी खोली ३६ वर गेली की तोच प्रोसेसर ८२ च्या आसपास जाणार. त्यासाठी मे उजाडायची वाट बघावी लागत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ. मुंबईच्या मित्रानं सांगितलेला फरक आपल्याकडे दोन-तीन अंशांनी जास्त निघाला, तर पंख्याला दोष देऊ नका.

पण डेसिबलमध्ये सगळा त्रास मावत नाही. वाऱ्याचा सळसळाट माणूस दहा मिनिटांत विसरतो, एकसुरी गुणगुण मात्र विसरत नाही. म्हणून वेग २० टक्क्यांपासून १०० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्यानं वाढवा, प्रत्येक ठिकाणी वीस सेकंद थांबा आणि ऐका. बहुतेक पंख्यांत एक-दोन टप्पे असे सापडतात, जिथे पात्यांचा सूर कॅबिनेटच्या पत्र्याशी जुळतो आणि सगळं खोकं घुमायला लागतं. नऊ पात्यांचा पंखा १२०० फेऱ्यांवर १८० हर्ट्झचा सूर काढतो: फेरे भागिले ६०, गुणिले पाती. असे टप्पे टिपून ठेवा आणि फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे कुठल्या तापमानाला पंखा किती फिरावा हे ठरवणाऱ्या आलेखात, पंखा तिथे रेंगाळणार नाही असं बघा.

दोन सारखे पंखे शेजारी असतील तर आणखी एक त्रास होतो. एक १००० आणि दुसरा १०१० फेऱ्यांवर असला की आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, घुंऽ घुंऽ असा. एकाचे फेरे मुद्दाम शंभरएकनं कमी करा, ती लाट जाते. स्प्लिटरवर, म्हणजे एका जोडणीच्या दोन करणाऱ्या वायरवर, लावलेल्या पंख्यांना हे करता येत नाही, कारण सिग्नल एकच असतो आणि फेऱ्यांचा आकडाही एकाच पंख्याचा दिसतो. जमेल तिथे प्रत्येक पंख्याला वेगळं हेडर (मदरबोर्डावरची पिनांची जोडणी) द्या. मदरबोर्डाचं हेडर साधारण एक अँपिअरचं असतं, त्याहून जास्त भार टाकू नका.

पंख्याचा आस ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. पंखा सगळ्यात कमी वेगावर कानापासून चार बोटांवर धरा, आधी उभा, मग आडवा. आडवा केल्यावर टिकटिक सुरू झाली तर तो कॅबिनेटच्या छतावर लावू नका. स्वस्तातलं स्लीव्ह (साध्या नळीचं) बेअरिंग आडवं बसवलं की लवकर झिजतं. तेलाच्या थरावर फिरणारं फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग जास्त टिकतं, माझ्या मते वरचे दोन-तीनशे रुपये तिथे खर्च करावेत. स्क्रू करकचून आवळू नका, चौकट पिळवटते आणि पातं घासतं.

जाळी पंख्याच्या मागे असण्यापेक्षा समोर, म्हणजे हवा ओढणाऱ्या बाजूला असली की जास्त आवाज करते. मध्ये पाच-दहा मिलिमीटर जागा सोडली तरी कानाला फरक कळतो.

एवढं करूनही पंखा उगाच चढ-उतार करत असेल, तर बायोसमध्ये स्टेप-अप टाइम, म्हणजे वेग वाढवायला पंख्यानं घ्यायचा वेळ, वाढवा. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणभर वीस अंशांनी उडी मारतो, त्या उडीमागे पंख्यानं धावायचं कारण नाही.

फेब्रुवारी ते मे धूळ जास्त, त्यातून शेजारी बांधकाम चालू असेल तर जाळी महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. पाती रंगाच्या मऊ ब्रशनं झटका. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा भरधाव फिरला तर बेअरिंगवर नको तेवढा ताण येतो.