कुठला गुडघा?

साखर उतरवायला धरलेल्या १०० दिवसांतला आज ६८वा दिवस. वहीत जमेच्या बाजूला ४० बैठका, २० जोर आणि बिनसाखरेचे चार चहा. नावे बाजूला भडंग, एक मूठ. मूठ माझी आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं ती थोडी मोठीच धरावी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. वय ५२. काम म्हणजे गादीवर मांडी घालून बसायचं, पट्ट्या म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या करायच्या, आलेल्या शेतकऱ्याला चहा पाजायचा आणि त्याच्या सोबतीला आपणही प्यायचा. ऑक्टोबरात रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.३ आली. डॉक्टर म्हणाले, ६.५ला मधुमेह म्हणतात, तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात. घरी येऊन मी आधी चहाचा हिशेब मांडला, कारण मला दुसरं काही येत नाही. दिवसाला नऊ चहा, प्रत्येकात दीड चमचा. चमचा साडेचार ग्रॅमचा धरला तर नुसत्या चहातून रोज ६० ग्रॅम. वर्षाचे जवळजवळ २२ किलो. म्हणजे अर्ध्या पोत्याला तीन किलो कमी.

मुलगी पुण्यात असते. तिनं '७५ हार्ड' नावाचं एक प्रकरण पाठवलं, अमेरिकेतल्या कुणीतरी २०१९ला काढलेलं. रोज पाऊण-पाऊण तास दोनदा व्यायाम, त्यातला एक उघड्यावर. पावणेचार लिटर पाणी. पुस्तकाची दहा पानं. खाण्याचं पथ्य, दारू बंद, रोज स्वतःचा फोटो. एक गोष्ट चुकली की पुन्हा पहिल्या दिवसापासून. आमच्या तालमीतल्या वस्तादांनी हे सगळं एका शिवीत सांगितलं असतं. फोटो सोडून.

मी १०० दिवस धरले. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि ही सरासरी तिला चिकटलेल्या साखरेवरून काढतात, त्यामुळं आठवडाभर उपाशी राहून रिपोर्टाला गंडवता येत नाही. १ नोव्हेंबरला सुरुवात केली. मुलीनं मोबाईलमध्ये खुणा करायचं काहीतरी टाकून दिलं होतं, ते दोन दिवसांत बंद पडलं. मग दुकानातली एक कोरी वही घरी आणली आणि रोजकीर्द लिहायला लागलो. जमा आणि नावे. शरीराला हीच भाषा कळते असं नाही, पण मला कळते.

व्यायाम कुठला हा प्रश्नच नव्हता. यार्डात मला अजून जुनी माणसं 'पैलवान' म्हणतात. पोटाकडं बघून म्हणतात हे आता कळतं, पण नाव जुनं आहे.

मी पलूसकडचा. गावातल्या तालमीत चौथीपासून. तालमीची लाल माती म्हणजे नुसती माती नसते, तिच्यात ताक, तेल, लिंबू आणि हळद घालतात. खरचटलं तर त्याच मातीत लोळायचं. पहिली कुस्ती जत्रेत रेवड्यांवर मारली. अकरावीला सांगलीला आलो तो कॉलेजच्या नावानं, खरा तालमीत राहायला. वय १७, वजन ५७ किलो. हा ५७ साधा आकडा नव्हता. १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक घेतलं ते ५७ किलोच्याच गटात, आणि त्यांचं गोळेश्वर म्हणजे कराडला लागून. १९६२ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणणारे मारुती माने तर कवठेपिरानचे, सांगलीतून सायकलवर जाण्याइतके जवळ. पण माने वजनानं माझ्या जवळजवळ दुप्पट, म्हणून मी खाशाबांना धरलं. त्यांच्यानंतर १९९० उजाडलं तरी एकाही भारतीयाला एकट्याच्या खेळात ऑलिंपिक पदक मिळालं नव्हतं. ती जागा मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. हसू नका. अंगाला माती लागलेल्या १७ वर्षांच्या पोराला हे अगदी शक्य वाटतं.

तर तो पैलवान १ नोव्हेंबरला गच्चीवर गेला, २५ बैठका मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गादीवरून उठताना हमालाचा हात धरून उठला. वहीत त्या दिवशी जमा-नावे काहीच नाही, नुसतं 'आई गं' लिहिलंय.

व्यायामाचं असं झालं, पण खरी कुस्ती स्वयंपाकघरात होती.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नऊला घर सोडते, संध्याकाळी सहाला येते. मी जाहीर केलं की आजपासून रात्रीचं जेवण आठच्या आत, भात एक वाटी, रोज कडधान्य, ज्वारीची भाकरी. तिनं वह्या तपासता तपासता विचारलं, "आणि हे करणार कोण?" मी म्हटलं, आपण. "आपण म्हणजे कोण? नावं लिहा." शिक्षकांशी लग्न केलं की मोघम बोलायची सोय राहत नाही.

मग पहिल्या रविवारी कॅलेंडर भिंतीवरून काढून जेवणाच्या टेबलावर घेतलं. प्रत्येक वाराच्या चौकोनात दोन गोष्टी लिहायच्या: काय आणि कोण. तिथं मला पहिल्यांदा कळलं की सोमवारची मटकीची उसळ सोमवारी सुरूच होत नाही. मटकी शनिवारी रात्री भिजत पडायला पाहिजे, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायला पाहिजे, आणि या दिवसांत थंडी असल्यामुळं मोड यायला पुरता एक दिवस लागतो. उन्हाळ्यात सकाळी बांधलेली संध्याकाळी फडक्यातून डोकावते. म्हणजे सोमवारचं जेवण शनिवारी ज्याला आठवतं, तो घर चालवतो. गेली २६ वर्षं ते कुणाला आठवत होतं, हे टेबलावर बसलेल्या दोघांनाही माहीत होतं. मी पाणी प्यायला उठलो.

सध्या आमचं साधारण असं चाललंय. सोमवारी मटकी. मंगळवारी मुगाची डाळ घातलेली मेथी, कारण मंगळवारी येताना मी पेठेतून भाजी आणतो आणि जानेवारीत मेथीसारखी स्वस्त आणि चांगली भाजी नाही. बुधवारी अख्खा मसूर. तो भिजवायला विसरलो तरी शिजतो, म्हणून बुधवार माझ्याकडं. गुरुवारी तिचा उपवास. साबुदाण्याला मी वहीत नावे टाकलं आणि त्याच्या जागी वरी सुचवली, तर ती म्हणाली, "तिच्यातही पिठूळच आहे, गुरुजी. आणि उपवास माझा आहे, साखर तुमची वाढलीय." साबुदाणा राहिला. मी त्या दिवशी दोन भाकऱ्या आणि चाकवत खातो. शुक्रवारी हुलग्याचं माडगं, लसणाची फोडणी देऊन. हे माझ्या आईचं. लहानपणी नाक मुरडायचो, आता दोन वाट्या पितो. शनिवारी उरलंसुरलं. रविवारी मटण, त्यावर वाद झाला नाही.

भाकरी मी शिकतोय. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, शाळू जुना असेल तर जास्तच, नाहीतर चिरा पडतात. परातीत थापताना हाताखालून पीठ फिरलं पाहिजे, हात फिरवून उपयोग नाही. माझे हात धरायला शिकलेले. धरलं की सोडायचं नाही ही तालमीची शिकवण, आणि भाकरी म्हणजे नेमकं धरायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकही भाकरी तव्यावर अख्खी उतरली नाही. आता चारातल्या तीन उतरतात, दोन फुगतात.

१९व्या दिवशी संध्याकाळी मी हॉलमध्येच बैठका मारत होतो. ३१, ३२. बायको मसूर निवडत बसली होती. सहज विचारल्यासारखी म्हणाली, "गुडघा दुखत नाही का हो?"

मी म्हटलं, नाही, आता सवय झाली.

"तसं नाही. ज्या गुडघ्यामुळं कुस्ती सुटली तो. कुठला होता? डावा की उजवा?"

मी खाली बसलेल्या अवस्थेतच थांबलो. बैठकीत मधे थांबणं हे फार वाईट, मांड्या थरथरतात.

"उजवा," मी म्हटलं.

"लग्न ठरताना डावा सांगितला होतात. दोन-तीनदा उजवा झालाय. म्हणून विचारलं."

सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी जमिनीत पेवं, म्हणजे खोल कोठारं असायची, त्यांत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं तिला काही होत नसे. माझी ही गोष्ट तशीच होती. ३४ वर्षं पुरलेली, रंग न उडालेली. आणि बायकोनं मसुरातला खडा काढावा तशी ती बाहेर काढली.

खरं असं आहे की गुडघ्याला काहीच झालं नव्हतं. १९९१चा एप्रिल. जत्रेच्या मैदानात माझी पाचशे रुपयांची कुस्ती लागली. हलगी वाजत होती, आप्पा गावाकडून नवा फेटा बांधून आले होते. समोरच्या पोरानं सलामी झाल्या झाल्या एकेरी पट काढला, म्हणजे माझा एक पाय धरून ओढला, आणि घिस्सा डाव मारून मला चीत केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. हरण्यात काही नाही, सगळे हरतात. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चारला वस्ताद उठवायला आले तेव्हा मी म्हटलं, गुडघा दुखतोय. त्यांनी गुडघा दाबून बघितला. मग दुसरा दाबून बघितला. म्हणाले, "झोप." बाकी काही नाही. तो 'झोप' मला अजून ऐकू येतो. मी झोपलो, आणि परत त्या मातीत उतरलो नाही. चारला उठायचं नव्हतं, एवढंच कारण. खाशाबांची जागा मी एका झोपेत सोडली.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं. अजून आठ राहिल्यात." मी आठ मारल्या.

पण तिला जे सांगितलं नाही ते वहीत लिहिताना आलं. वहीची सवयच तशी, एक रक्कम लिहिली की तिच्यासमोरची मागते. पैलवान म्हटला की खुराक आला. आमची एक म्हैस, दिवसाला सहा लिटर. त्यातलं दोन लिटर माझं. गावाकडून सकाळच्या पहिल्या एसटीनं किटली यायची, कंडक्टरच्या ओळखीवर. डेअरीचं बिल दहा दिवसांनी व्हायचं आणि दर दहा दिवसांनी ते माझ्या २० लिटरनं कमी असायचं. धाकटी बहीण तेव्हा नववीत. डेअरीला दूध घालायला तीच जायची. आईचं सगळ्या आठवड्याचं जेवण माझ्या किटलीभोवती ठरायचं: तूप किती निघेल, ताक कुणाला, साय कुणाला नाही.

आणि कुस्ती सोडल्यावरही किटली येतच राहिली. दोन महिने. मी घरी सांगितलं नव्हतं. ते दूध मी स्टँडजवळच्या एका चहाच्या गाड्यावर विकायचो आणि त्या पैशांत सिनेमे बघायचो. निकाल लागून घरी गेलो तेव्हा गुडघ्याची गोष्ट तयार होती. आईनं महिनाभर हळदीचा लेप लावला. बहुधा डाव्याला.

हे मी ५०व्या दिवशी बहिणीला फोन करून सांगितलं. ती आता तासगावला असते, सासरी द्राक्षबाग आहे, छाटणीच्या मजुरांपासून बेदाण्याच्या दरापर्यंत सगळं तीच बघते. मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर रडेल. फोनवर बराच वेळ काहीच नाही. मागं कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं.

मग म्हणाली, "दादा, गाडावाला लिटरला काय द्यायचा रं?"

मी आठवून सांगितलं.

"डेअरी रुपया जास्त देत हुती," ती म्हणाली.

मी ६० दिवसांना दोन लिटरनं गुणलं. १२० रुपये, आणि ते झाले फक्त फरकाचे. तिनं बहुतेक माझ्या आधीच गुणले असावेत. नंतर ती बागेबद्दल बोलत राहिली, पावसानं यंदा काय काय केलं ते, आणि मी हूं हूं करत राहिलो.

परवा तिचा फोन आला. भोगीला येऊ का म्हणाली. भोगी म्हणजे माझा ७४वा दिवस. बायकोनं लगेच चौकोनात लिहिलं: भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. भाजीत घेवडा, पावटा, गाजर, वांगी, ओले हरभरे, वरून तिळाचं कूट. 'कोण' या रकान्यात भाजीपुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि भाकरीपुढं माझं. मी म्हटलं, बाजरी अजून जमत नाही, तिला शाळूइतका चिकटपणा नसतो, वर तीळ लावायचे म्हणजे अजून अवघड. फोन स्पीकरवर होता.

"तू थापणार असशील तरच येते," बहीण म्हणाली. "आन दूध आमच्याकडनं घेऊन येते. तुमच्या पिशवीतलं नको."

दोन किलो बाजरी आज दळून आणली. सहा दिवस आहेत.