क्वीन बेडचे दोन सिंगल: दुसरी टाकी भरली एकदाची!

भरली राजेहो, आमच्या फिरायच्या ट्रेलरमधली पाण्याची दुसरी टाकी भरली! काल संध्याकाळी साडेसहाला डाव्या अन् उजव्या, दोन्ही टाक्यांत पाणी एका लेव्हलला उभं राहिलं. गवंड्याचा लेव्हल पाइप लावून पाहिलं, एका सुताचाही फरक नाही. नऊ दिवस गेले यात. इकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू, व्यापाऱ्याचे माणसं बागेत, क्रेट मोजायला मी पाहिजे, अन् माझं अर्धं डोकं ट्रेलरच्या पलंगाखाली.

ट्रेलर म्हणजे बोलेरोच्या मागं जोडायचा, आत पलंग अन् किचन असलेला, मीच बनवलेला. आतून ७८ इंच रुंद, समोरच्या भिंतीला डोकं करून ६० बाय ७८ चा क्वीन, डाव्या भिंतीला चिकटवलेला, उजवीकडून १८ इंचाची वाट. बनवला तेव्हा मी अन् बायको जाऊ असं धरलं होतं, पण आता खरं फिरणं माय-बाबांचंच होते. माय भिंतीकडून झोपते. लोणारहून परत आलो त्या दिवशी ती म्हणे, "बाबू, मले रातच्याला दोनदा उठा लागते, अन् दरवेळी तुया बापाले ओलांडून जाव लागते. नवऱ्याले ओलांडणं चांगलं नाही, अन् माये गुडघेही ऐकत नाही." बस, त्याच दिवशी क्वीन काढायचं ठरलं.

माप २८-२२-२८ इंच घेतलं, म्हणजे दोन्ही भिंतींना २८ चा एकेक सिंगल अन् मधून २२ ची वाट. बऱ्याच जणांनी ३०-१८-३० सुचवलं होतं, की जुनी गादी बरोबर मधून कापली की दोन तयार, काहीच वाया नाही. मलेही पटलं होतं. पण संत्र्याचे खोके अंगणात दोन्ही मापानं मांडले अन् मायला मधून चालायला लावलं. १८ मध्ये ती आडवी होऊन सरकत गेली, २२ मध्ये सरळ चालली, हात दोन्हीकडच्या खोक्यांवर टेकवत. रात्री अंधारात तिला तसंच चालायचं आहे, मग गादीचे चार इंच गेले तर गेले.

फ्रेमचं काम मस्त झालं. २५ एमएमचा चौकोनी पाइप, १६ गेज, वर १२ एमएमचा ७१० मार्कचा (पाणी सोसणारा) प्लाय. प्लायला ३५ एमएमचे भोकं पाडून घेतले, सहा-सहा इंचावर, म्हणजे गादीखाली ओल धरणार नाही (चिखलदऱ्याला मागच्या वेळी सकाळी गादी उचलली तर खालून पूर्ण दमट होती). एक सांगतो, होल सॉ (गोल भोक पाडायचं पातं) घ्यायचा तर बायमेटलचाच घ्या. मी आधी स्वस्तातला बारा नगांचा डबा आणला होता, त्याचे दात चौथ्या भोकाला गेले. बायमेटलचा एकच नग घेतला, ऐंशीच्या वर भोकं पडले अन् अजून धार आहे.

आता टाकीचं सांगतो.

जुनी टाकी १०० लिटरची, २४ बाय १८ बाय १४ इंच, क्वीनच्या बरोबर पोटाखाली. नवीन नकाशात ती बरोबर वाटेत येते. १४ इंच उंच आहे, तिच्यावरून पायरी करणं माय-बाबांसाठी शक्यच नाही. तर मी काय केलं, सगळ्यात सोपं वाटलं ते केलं, टाकी उचलून मागं किचनच्या ओट्याखाली नेली. नळ तिथंच, पंप तिथंच, पाइप वाचला. अर्ध्या दिवसात काम झालं, मी खूश. संध्याकाळी बोलेरोला जोडून मोर्शी रोडवर काढला, अन् ५५-६० ला गेलो तसा मागून ट्रेलर डुलायला लागला. आधी हळू, मग एक ट्रक बाजूनं गेला तर असा शेपूट मारला की स्टिअरिंग हातात जड झालं. ब्रेक नाही मारला, ॲक्सिलेटर सोडला अन् सरळ धरून ठेवलं, तेव्हा थांबला. घरी येईपर्यंत ३० च्या वर नाही गेलो.

घरी आल्या आल्या हिचचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडते त्या पुढच्या टोकाचं, वजन घेतलं. सोयाबीनचे पोते मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे आपला, त्याच्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर हिच, ट्रेलर लेव्हलला. क्वीन होता तेव्हा ११२ किलो यायचं, आता आलं ५२! ट्रेलरचं पूर्ण वजन जिनिंगच्या वे-ब्रिजवर पाणी भरून ९६० आलेलं आहे. हिचवर दहा ते पंधरा टक्के पाहिजे, इथं साडेपाच टक्केही नाही.

मग वहीत मांडलं. हिचपासून एक्सल ३.५ मीटर. जुन्या जागी टाकीचा मध्य एक्सलच्या १.३ मीटर पुढं होता, म्हणजे १०० किलो पाण्यातले ३७ किलो हिचवर येत होते. आता टाकी एक्सलच्या ०.८ मीटर मागं गेली, तर ते ३७ तर गेलेच, वरून २३ किलोनं हिच उचलली जाऊन राहिली. दोन्ही मिळून बरोबर ६०. काटा अन् वही दोन्ही एकच सांगत होते. नकाशा काढतो तेव्हा आपण फक्त जागा पाहतो, पण पाणी हे सामान आहे अन् ट्रेलरमधलं सगळ्यात जड सामान आहे. पलंग हलवायच्या आधी टाकीचं गणित करा, हे सगळ्यांनाच सांगतो.

म्हणून टाकी परत पुढं आणायची, पण वाट मोकळी पाहिजे. तर दोन टाक्या, प्रत्येक पलंगाखाली एक, २४ बाय १२ बाय १२ ची. हिशोबानं ५६ लिटर होते, ५० धरा. फवारणीचे निळे ड्रम घरी चार पडले आहेत, पण ते किती धुतले तरी पिण्याच्या पाण्याला लावायचे नाही, त्यात माझं दुमत नाही. नवीन फूड ग्रेडच्या नागपूरहून मागवल्या. दुकानदारानं टँक निपल (पाइप जोडायचं तोंड) लावून पाठवतो म्हटलं अन् लावले कुठं, तर तळापासून दोन इंच वर! म्हणजे खालचं दोन इंच पाणी कधी निघणारच नाही. दोन टाक्यांचं मिळून १८ लिटर होते ते, १८ किलो नुसतं फिरवायचं. परत घ्यायला तयार नाही, म्हणे तुम्ही सांगितलं नव्हतं. टाकीच्या निपलची जागा कोणाला वेगळी सांगावी लागते का? यापुढं टाकी कोरी मागवीन अन् भोक स्वतः पाडीन.

शेवटी तेच केलं. जुनं भोक प्लग केलं, अन् झाकणाच्या बाजूला, तळाला जेवढं जवळ जाता येईल तेवढं नवीन पाडलं. आता निपलची कॉलर आतून धरायची असते अन् नट बाहेरून आवळायचा, अन् माझा हात झाकणातून कोपरापर्यंतही जाईना. पुतण्याला बोलावलं, अकरा वर्षाचं पोट्टं, त्याचा हात खांद्यापर्यंत गेला. तो आतून डोळे मिटून चाचपडत कॉलर धरून, मी बाहेरून पान्यानं थोडं थोडं आवळून राहिलो, अन् तो सांगे, "काका, वायसर सरकला... आता बसला... आता फिरून राहिला." दोन्ही टाक्या एका दमात, एक थेंब गळत नाही. आता पाऊण इंचच पाणी खाली राहते. त्याला चिखलदऱ्याला न्यायचं कबूल केलं आहे.

दोन टाक्या जोडायचा पाइप वाटेतून न्यायचा नव्हता, अन् फ्लोअरला भोक पाडून खालून न्यावं तर गिट्टी लागते. मग सुचलं की दोन्ही उशांच्या मध्ये, समोरच्या भिंतीशी २२ इंचाची पेटी तशीही करायची आहे, चष्मा-गोळ्या-पाण्याचा तांब्या ठेवायला. पाइप त्या पेटीच्या बुडातून नेला, वरून काहीच दिसत नाही. त्या पेटीत बॅटरी ठेवू असंही एक दिवस मनात आलं होतं, वायर छोटी होते, पण ट्यूब्युलर बॅटरी चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडते अन् ती पेटी दोघांच्या डोक्याशी, म्हणून नाही. बॅटरी बाहेर पुढच्या दांड्यावर आहे तिथंच बरी.

सगळं जोडलं, मधला बॉल व्हॉल्व उघडला, डाव्या टाकीत नळी सोडली. डावी भरून वाहायला लागली अन् उजवी हलवून पाहिली तर जवळपास रिकामी. मले वाटलं पाइपात कचरा असंल. खोलला, फुंकला, साफ. मग वाटलं पाऊण इंची पाइप बारीक पडते, एक इंची आणला, निपल, एल्बो, व्हॉल्व सगळं बदललं. तेच. व्हॉल्व उलटा लावून पाहिला, बॉल व्हॉल्वला उलट-सुलट नसते हे माहीत असून. उजवी टाकी चार इंच खाली करून पाहिली. तेच! तीन-चार लिटर जाते अन् थांबते. चार दिवस रात्री जेवण झालं की टॉर्च घेऊन तिथंच.

काल सकाळी बागेत ड्रिप सुरू करायला गेलो. पंप चालू केला, अन् मेनलाइनवरच्या एअर व्हॉल्वनं फुस्स केलं, रोज करते तसं. तिथंच उभा राहिलो. पाइपातली हवा निघून गेल्याशिवाय पाणी पुढं सरकत नाही म्हणून तर तो व्हॉल्व बसवतो आपण, अन् माझ्या उजव्या टाकीला हवा जायला रस्ताच नाही! डावीचं झाकण भरताना उघडं असते म्हणून तिला त्रास नाही. उजवीचं झाकण घट्ट, पाणी खालच्या भोकावर चढलं की वरची हवा आत कोंडली, अन् एक फूट पाण्याचा दाब त्या हवेला काय दाबणार?

मग वेगळं काही आणलंच नाही. ड्रिपच्या डब्यातून ग्रोमेट (भोकात बसते ते रबर) अन् टेक-ऑफ (नळीचा जोड) घेतले, दोन्ही टाक्यांच्या माथ्यावर भोक पाडून बसवले, १६ एमएमची लॅटरल (ड्रिपची बारीक नळी) भिंतीनं खिडकीपर्यंत वर नेली अन् तोंड खाली वळवून त्याला नायलॉनची जाळी बांधली, मुंग्या-डास जायला नको. परत नळी सोडली अन् उजव्या नळीच्या तोंडाशी गाल नेला. गार हवा लागली गालाला! दहा मिनिटांनी दोन्हीकडं सारखं. बायकोला बोलावून दाखवलं, बाबांना दाखवलं, पुतण्याला दाखवलं.

हिचवर आता १०८ आहे, पूर्ण वजन ९५५, म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. एक गोष्ट पाहून ठेवली, दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या तर हिचवर ७४ च राहते, पावणेनऊ टक्के. म्हणून निघताना टाक्या भरूनच निघायचं, वाटेत भरू असं नाही. अन् चालताना मधला व्हॉल्व बंद, नाहीतर घाटात वळणावर पाणी इकडून तिकडं पळंल. मुक्कामाला एक चाक खड्ड्यात असलं तरी तेच, आधी ठोकळे लावून लेव्हल करायचं, मग व्हॉल्व उघडायचा. पंप डाव्या टाकीतूनच ओढते, उजवी तिला भरत राहते.

आता गादीचं. जुनी फोमची गादी करवतीच्या पात्याला दगडावर धार लावून कापली, एकदम सरळ, दोन तुकडे २८ चे अन् चार इंचाची एक पट्टी उरली. खोळी शिवायला देणार होतो. पण काल माय तिच्यावर पाच मिनिटं बसली अन् म्हणे, "यानं पाठ भाजते बाबू, उन्हाळ्यात याच्यावर कोण झोपन?" खरं आहे, आपल्याकडं मे महिन्यात रात्री बारालाही फोम गरमच लागते. अन् बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. प्लाय १६ इंचावर, त्यावर ५ चा फोम, झाले २१. लिहिता लिहिताच ठरवून टाकतो, फोम नाही, रुईच्या गाद्या. गुरुवारच्या बाजारात गादी भरणारे येतात, त्यांना घरी बोलावतो. नऊ-नऊ किलो रुई धरली तर १८ किलो, घरच्या कापसातनं करायची तर अर्ध्या क्विंटलच्या वर कापूस लागंल, सरकी निघून तिसरा हिस्साच रुई राहते. भरल्यावर तीन इंच दबून राहीन, म्हणजे १९. पाय टेकतीन. सकाळी उन्हात टाकता येते, ओलीचाही प्रश्न मिटला. फोमचे तुकडे अन् पट्टी दिवसा टेकायला भिंतीशी लावतो, बाहेरच्या पत्र्याची गरमीही अडंल.

अन् प्लायचा जो तुकडा उरला आहे तो २३ इंच रुंद आहे, आत्ता मोजून आलो. एक इंच काढला अन् दोन्ही पलंगांच्या फ्रेमला आतून अँगलची पट्टी वेल्ड केली, तर वाटेवर फळी बसते अन् पूर्ण ७८ चा एक पलंग होते! पोट्टे सोबत असले तर चौघं आडवे झोपतीन. रंग द्यायच्या आधी हे करून घेतो, म्हणून रंग पुढं ढकलला.

एकच अडलं आहे. क्वीनची फळी वर उचलून धरणारे ८० किलोचे गॅसचे दांडे मी तसेच एका सिंगलला लावून पाहिले, तर फळी बंदच होत नाही, सोडली की वर. प्लाय ११ किलो, गादी ९-१०, त्याला एवढे कायले पाहिजे. अमरावतीला ६० च्या खालचे मिळाले नाही. ३० किंवा ४० चे जोड कोणाजवळ पडून असतील, नाहीतर कुठं मिळतात ते माहीत असंल, तर सांगा. दोन जोड पाहिजे.