आमची वाटचाल : खोक्याच्या मापातून सापडलेली बचत

आम्ही दिव्यांच्या काचेच्या शेड आणि त्यांना लागणारे पितळी सुटे भाग तयार करून थेट ग्राहकांच्या पत्त्यावर पाठवतो. वाहतुकीच्या दृष्टीने हे दोन माल एकमेकांच्या अगदी विरुद्ध स्वभावाचे आहेत. शेड हलकी, पोकळ, नाजूक आणि जागा अडवणारी असते. पितळी फिटिंग मुठीत मावते, पण हातात घेताच जड लागते. पार्सलच्या खर्चाविषयी आमचा छोटा उद्योग जे काही शिकला ते या दोन टोकांमुळेच शिकला. कुरिअर कंपनीशी दराची घासाघीस करून जेवढे पैसे वाचतात, त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे माल ज्या टेबलावर खोक्यात भरला जातो त्या टेबलावर वाचतात, हे आज आम्ही खात्रीने सांगू शकतो.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात आमचे सगळे लक्ष दरपत्रकाकडे असे. किलोमागे दर किती, महिन्याला किती पार्सले दिली तर सवलत किती, कोणत्या भागासाठी कोणती कंपनी स्वस्त, याच चौकशीत वेळ जाई. बिले एकत्र मांडून पाहू लागलो तेव्हा मात्र नजर दुसऱ्याच ठिकाणी थांबली. प्रत्येक बिलात ‘प्रत्यक्ष वजन’ आणि ‘आकारणीचे वजन’ असे दोन रकाने होते. पितळी भागांच्या पार्सलांत हे दोन्ही आकडे सारखे होते, तर शेडच्या पार्सलांत पहिला आकडा दीड किलोच्या आसपास आणि दुसरा साडेपाच किलो होता. म्हणजे उरलेल्या चार किलोंचे भाडे आम्ही हवेसाठी भरत होतो.

यामागचे तत्त्व रास्त आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये एकसमान दराची टपालसेवा सुरू झाली तेव्हा पत्राचा दर अंतरावरून न ठरता वजनावरून ठरू लागला, आणि कागदाच्या बाबतीत तो हिशेब पुरेसा होता. वस्तूंच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण विमान किंवा मालमोटार अनेकदा वजनाने भरण्याआधी जागेने भरते. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ठरावीक संख्येने भागून येणारे ‘व्हॉल्यूमेट्रिक वजन’ प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे आकारायचे, अशी पद्धत रूढ झाली. हवाई मालवाहतुकीत हा भाजक परंपरेने ६००० धरला जातो, तर बहुतेक एक्स्प्रेस कुरिअर सेवा ५००० धरतात. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या फरकामुळे त्याच खोक्याचे आकारणीचे वजन २० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच दोन कंपन्यांचे किलोमागचे दर शेजारी ठेवून तुलना करण्याआधी त्यांचे भाजक विचारून घ्यावेत, असे आम्ही प्रत्येक नव्या व्यावसायिकाला आवर्जून सांगतो.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण आमच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्यातूनच ठरली. आमच्या मध्यम आकाराच्या शेडसाठी आम्ही तिन्ही बाजूंनी ३० सेंटिमीटरचा खोका वापरत असू. त्याचे घनफळ २७,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५००० ने भागल्यावर ५.४ किलो, पुढच्या अर्ध्या किलोवर नेल्यावर ५.५ किलो. तोच खोका प्रत्येक बाजूने फक्त ३ सेंटिमीटर कमी केला, तर घनफळ १९,६८३ होते आणि आकारणीचे वजन ४ किलोवर येते. बाजू दहा टक्क्यांनी लहान झाली आणि घनफळ सत्तावीस टक्क्यांनी घटले. आतील शेड तीच, तिच्याभोवतीचे संरक्षणही पुरेसे, दरही तोच. केवळ खोका मालाच्या मापाचा झाला.

याउलट गोष्टही तितकीच खरी आहे. माप नेहमी सर्वांत फुगलेल्या जागी घेतले जाते. वर जास्तीचा कागद दाबून भरला आणि झाकण दीड सेंटिमीटर वर आले, तर त्या ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन ५.६७ किलो होते आणि आकारणी थेट सहा किलोंची होते. आमच्याकडे पॅकिंग सांभाळणाऱ्या ताईंनी एकदा बंद केलेल्या खोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवली आणि तिच्या दोन्ही टोकांखाली राहिलेली फट सर्वांना दाखवली. “ही फट आपण विकत घेतोय,” एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून टेप लावल्यानंतर फूटपट्टी ठेवून पाहणे हा पॅकिंगचाच भाग झाला आहे.

प्रत्येक मालासाठी वेगळ्या मापाचा खोका ठेवणे लहान उद्योगाला परवडत नाही. खोकी साठवायलाही जागा लागते आणि कमी संख्येने बनवून घेतली तर ती महाग पडतात. आम्ही यावर काढलेला मार्ग साधा आहे. तळाची मापे मोजकीच ठेवली आणि खोकी बनवणाऱ्यांकडून उभ्या बाजूंवर ठरावीक अंतरांवर आडव्या घड्यांच्या रेषा मारून घेतल्या. माल आत ठेवल्यावर चारही कोपरे हव्या त्या रेषेपर्यंत कटरने उभे चिरायचे, बाजू त्या रेषेवर आत दुमडायच्या आणि जास्तीचा पुठ्ठा कापून टाकायचा, की उंची मालाइतकी होते. कापलेल्या पट्ट्या फेकल्या जात नाहीत. त्या दुमडून शेडच्या कडेला आधार म्हणून बसवतो. या कामात हात बसायला थोडा वेळ लागतो, पण एकदा बसला की खोका कापण्यात जाणारी दोन मिनिटे भाड्यात पुरेपूर भरून निघतात.

नालीदार पुठ्ठ्याविषयी, म्हणजे आत लाटांसारखा मुडपलेला कागद असलेल्या पुठ्ठ्याविषयी, लिहिताना आम्हाला विशेष आपुलकी वाटते. १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी नालीदार कागदाचे पेटंट घेतले ते बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी. म्हणजे हा कागद वेष्टणासाठी पुढे आला तो आमच्याच जातीच्या मालासाठी. तीन वर्षांनी, १८७४ मध्ये, त्या नालीला सपाट कागदाचा पदर जोडण्याचे पेटंट ऑलिव्हर लाँग यांनी घेतले आणि आजच्या पुठ्ठ्याची घडण पक्की झाली. नाली उभी असताना तिची ताकद सर्वाधिक असते, आणि एकावर एक रचलेल्या खोक्यांचा बराचसा भार चार उभे कोपरे पेलतात. त्यामुळे दबलेल्या कोपऱ्यांचा जुना खोका बाहेरून चांगला दिसला तरी काचेसाठी आम्ही तो वापरत नाही. दमटपणाने पुठ्ठ्याची ताकद बरीच घटते, म्हणून खोक्यांचे गठ्ठे जमिनीला टेकवून न ठेवता फळ्यांवर ठेवतो.

पाचपदरी, म्हणजे नालीचे दोन थर असलेला, खोका सर्वांत सुरक्षित, अशी समजूत सर्रास आढळते. काचेसारख्या हलक्या मालाला तो बहुधा लागत नाही, आणि तो मापही वाढवतो. तीनपदरी पुठ्ठ्याची जाडी बारीक नालीत साधारण ३ मिलिमीटर असते, पाचपदरीची सात मिलिमीटरच्या आसपास. नेहमीच्या खोक्यात वर आणि खाली झाकणाच्या पाळ्या दुहेरी येत असल्यामुळे उंचीत चार जाड्या मोजल्या जातात. म्हणजे आतली जागा तीच ठेवून पाचपदरी खोका उंचीला दीड सेंटिमीटरहून अधिक वाढतो. भाड्याच्या टप्प्याच्या काठावर असलेल्या पार्सलासाठी एवढी वाढ पुढच्या टप्प्यात ढकलायला पुरते. जड पितळी मालासाठी मात्र आम्ही पाचपदरीच वापरतो, कारण तिथे आकारमानाचा प्रश्नच उरत नाही.

सर्वांत मोठी बचत पॅकिंगच्याही मागे जाऊन, मालाच्या रचनेत झाली. पूर्वी आमच्या शंकूच्या आकाराच्या शेडच्या वरच्या तोंडाला पितळी कडे कारखान्यातच बसवले जाई आणि त्यामुळे एक शेड दुसरीत बसत नसे. ग्राहकाने तीन शेड मागवल्या तर तीन खोकी जात. आता कडे सुटे देतो. ग्राहक ते एका स्क्रूने स्वतः बसवतो. शेड एकमेकींत बसवून मधे जाड कागदाची वेटोळी ठेवली की तिन्ही मिळून २७ गुणिले २७ गुणिले ३९ सेंटिमीटरच्या एका खोक्यात मावतात. आकारणी सहा किलोंची होते. वेगवेगळी पाठवली असती तर बारा किलोंची झाली असती. कडे बसवण्याची सूचना चित्रांसह छापून देण्याचा खर्च याच्यापुढे नगण्य आहे.

मात्र बचतीची कात्री मालाभोवतीच्या आवरणाला लागता कामा नये, याबाबत आम्ही अत्यंत आग्रही आहोत. फुटलेली शेड म्हणजे माल गेला, तोच माल पुन्हा पाठवण्याचे भाडे लागले आणि ग्राहकाचा विश्वास डळमळला. भरपाईचा हिशेबही हलक्या मालाच्या विरोधात जाणारा आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत मॉन्ट्रियल करारानुसार वाहकाची जबाबदारी किलोमागे २६ एसडीआरपुरती मर्यादित असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक आहे आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत ही मर्यादा २२ होती. म्हणजे भाडे आकारमानावर आणि भरपाई वजनावर. दीड किलोच्या पार्सलाला जास्तीत जास्त ३९ एसडीआर मिळतात, मग आतली शेड कितीही मोलाची असो. मोठ्या मागणीसाठी म्हणूनच आम्ही किंमत जाहीर करतो किंवा वेगळा विमा घेतो. त्या विम्यातून काचेचा माल वगळला आहे का, हे वाचूनच पैसे भरावेत, कारण अनेक पॉलिसींमध्ये तो वगळलेला असतो.

पितळी भागांचे गणित वेगळे आहे. तिथे आम्ही टपालखात्याकडे वळलो. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार २ किलोपर्यंतचा माल ‘स्मॉल पॅकेट’ म्हणून परदेशी जाऊ शकतो. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ९० सेंटिमीटरच्या आत आणि कोणतीही एक बाजू ६० सेंटिमीटरच्या आत असावी लागते. मुठीएवढ्या पितळी फिटिंगला ही मर्यादा भरपूर आहे. वेळ अधिक लागतो, पण सुट्या भागाची घाई प्रत्येक ग्राहकाला नसते. मागणी नोंदवतानाच जलद की स्वस्त, असा स्पष्ट पर्याय विचारू लागल्यापासून अनेक ग्राहक आनंदाने स्वस्त पर्याय निवडतात. सोबतचे सीएन २२ हे सीमाशुल्क घोषणापत्र ३०० एसडीआरपर्यंतच्या मालाला चालते, त्यापुढे सीएन २३ लागते. त्यावर नुसते ‘सुटे भाग’ असे न लिहिता ‘दिव्याचे पितळी फिटिंग’ असे नेमके वर्णन आणि एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लिहितो. दिव्यांच्या काचेच्या भागांसाठी ९४०५.९१ आणि काच व प्लॅस्टिक सोडून इतर भागांसाठी ९४०५.९९ हे सहा अंक जगभर सारखेच आहेत. वर्णन मोघम असेल तर पार्सल अडते, साठवणुकीचा खर्च चढतो, आणि ग्राहक ते स्वीकारायला नकार देण्याची शक्यता वाढते.

अधिभारांबद्दल थोडक्यात लिहितो. इंधन, दुर्गम भाग आणि पत्तादुरुस्ती हे अधिभार मूळ दरपत्रकात ठळकपणे दिसत नाहीत. इंधनाचा टाळता येत नाही. पत्तादुरुस्तीचा पूर्ण टाळता येतो; टपाल क्रमांक आणि गावाचे नाव जुळत नसेल तर लेबल छापण्यापूर्वीच आम्ही ग्राहकाला विचारतो.

फेरमोजणीचा विषय मात्र विस्ताराने सांगण्याजोगा आहे. पार्सल कंपनीच्या केंद्रात यंत्राने पुन्हा मोजले जाते आणि आपण दिलेल्या मापापेक्षा जास्त माप निघाले तर फरकाचे बिल नंतर येते. मध्यंतरी एका कुरिअर कंपनीकडून आमच्या एकसारख्या खोक्यांना दर वेळी निराळे माप लागू लागले. आमच्याजवळ पुरावा होता, म्हणून तो वाद फार काळ चालला नाही. पॅकिंगच्या टेबलाच्या दोन कडांवर आम्ही पोलादी मोजपट्टी कायमची बसवून घेतली आहे. खोका कोपऱ्याला टेकवला की लांबी आणि रुंदी एका नजरेत दिसते, उंचीसाठी गुण्या उभा ठेवतो, आणि लेबलचा बारकोड, वजनकाट्याचा आकडा व तिन्ही मापे एकाच छायाचित्रात येतील असा कॅमेरा वर टांगला आहे. तक्रारीसोबत ही छायाचित्रे जोडल्यावर फरकाची रक्कम परत मिळाली. तक्रारीची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून बिले महिनाअखेरीपर्यंत साठवून न ठेवता आली त्याच आठवड्यात तपासतो.

सध्या आम्ही लांब पितळी दांड्यांच्या पॅकिंगवर काम करत आहोत. गोल नळी पुठ्ठ्याची असो वा प्लॅस्टिकची, ती सरकत्या पट्ट्यावर घरंगळते, म्हणून बऱ्याच कंपन्या तिच्यावर वेगळा हाताळणी अधिभार लावतात. त्रिकोणी नळी एका बाजूवर स्थिर राहते आणि नेहमीच्या पार्सलात गणली जाते. तिच्यासाठी पुठ्ठ्याचे नमुने आले आहेत. दांडीची टोके नळीच्या झाकणातून बाहेर येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना लाकडी त्रिकोणी गुटके बसवून चाचण्या चालू आहेत. सर्व बाजूंनी आपटून पाहिल्यावर जो नमुना टिकेल तो पुढील मागणीपासून वापरात येईल, आणि त्यासोबत लांब दांड्यांच्या भाड्याचा दर आम्ही ग्राहकांसाठी कमी करणार आहोत.